टेबलाखालची मंडळी

आपल्या धंद्यात दिवसातून दहा वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘हॅक’. प्रॉडक्शन रडतंय, क्लायंट कॉलवर आहे, मग कुणीतरी म्हणतं, "सध्या एक हॅक मारून देतो, नीट फिक्स पुढच्या रिलीजला." (ते पुढचं रिलीज कधी येत नाही, ते सोडा.) पेपरवाल्यांच्या लेखी हॅकर म्हणजे अंधाऱ्या खोलीत हुडी घालून बँका लुटणारा माणूस. पण आपल्या धंद्यात हा शब्द आला तो बँकेतून नाही, आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर लॅबमधूनही नाही. तो आला खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका क्लबातून. कॉलेजातल्या पोरांच्या क्लबातून!

तर मंडळी, आज त्या क्लबाची गोष्ट. खरं म्हणजे असा क्लब सुरू कसा होतो, टिकतो कशावर आणि मोडतो कधी, हे जाणून घेण्यात माझे गेले तीन शनिवार गेलेत. त्याचं कारण शेवटी सांगतो.

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मॉडेल रेल्वे म्हणजे चावीची गाडी गोल गोल फिरवणं नव्हे. दिवाळीत आपण किल्ला करायचो ना? माती, विटा, अळीव पेरलेली हिरवळ, वर सिंहासनावर महाराज. तसंच काहीसं. टेबलावर डोंगर, बोगदे, गाव, फलाट, आणि त्यातून वेळापत्रकाप्रमाणे धावणाऱ्या गाड्या, सगळं ठरलेल्या प्रमाणात. सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एचओ, त्यात खरी गाडी ८७ पट लहान होते. या सगळ्या मांडणीला म्हणतात लेआउट. आणि किल्ल्यासारखंच, हे एकट्यानं करण्यात राम नाही. एकट्याच्या घरात तेवढी जागा नसते, आणि सुतारकाम, रंगकाम, वायरिंग हे तिन्ही येणारा माणूस विरळा. म्हणून क्लब. लंडनमध्ये ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ निघाला १९१० साली. या प्रकारचा जगातला सगळ्यात जुना क्लब म्हणून तोच ओळखला जातो. किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ ‘कीन हाउस’ नावाची स्वतःची इमारत व्हायला त्यांना १९६० साल उजाडलं. म्हणजे हक्काच्या छपरासाठी पन्नास वर्षं. जागेची बोंब ही काही फक्त पुण्या-मुंबईची नाही.

आपला क्लब मात्र अमेरिकेतला. एमआयटीमध्ये १९४६-४७ च्या शैक्षणिक वर्षात ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ सुरू झाला. त्यांना जागा मिळाली बिल्डिंग २० मध्ये. ही बिल्डिंग म्हणजे १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी घाईघाईत उभी केलेली लाकडी बराक. युद्ध संपलं की पाडून टाकायची, असं ठरलेलं. आता ‘तात्पुरतं’ या शब्दाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको. ती बराक पंचावन्न वर्षं उभी राहिली. कुणालाच तिची फिकीर नव्हती, आणि त्यामुळेच तिथे भिंतीला भोक पाडायचं, वायर ओढायची, तर कुणाची परवानगी काढावी लागत नसे. नव्या क्लबाला याहून चांगली जागा कुठली?

क्लबात दोन जातीचे लोक होते. एक जात टेबलावरची. त्यांना गाड्यांचं प्रेम. इंजिनाचा रंग नेमका जुळला पाहिजे, झाडं त्या त्या भागातलीच हवीत, सुट्टीत खऱ्या गाडीनं भटकून आलं पाहिजे. दुसरी जात टेबलाखालची. या उपसमितीचं नाव ‘सिग्नल्स अँड पॉवर’. यांना वर कुठली गाडी धावते याच्याशी फारसं देणंघेणं नाही, ती धावते कशी यात रस. आपल्याकडे गणपतीत असंच असतं बघा. पुढे थर्माकोलचा महाल उभा करणारे, आणि मागे पडद्याआड टेस्टर घेऊन बसलेला एक पोरगा, जो आरतीलाही बाहेर येत नाही. एमआयटीत त्या पोराचीच एक अख्खी कमिटी होती.

त्यांच्यापुढे प्रॉब्लेम काय होता, ते जरा नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. या गाड्यांना वीज मिळते रुळांतून. रुळात वीज सोडली की त्यावरचं इंजिन पळतं. एकच इंजिन असेल तर ठीक. पण त्याच रुळांवर दुसरं इंजिन ठेवलंत तर तेही पळणार, त्याच दिशेनं. तुमच्या हातातल्या बटणाला काय माहीत कुठलं इंजिन कुणाचं! मग उपाय काय, तर रुळांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा विजेच्या दृष्टीनं वेगळा, त्याला म्हणायचं ब्लॉक. एका वेळी एक ब्लॉक एकाच ड्रायव्हरच्या ताब्यात. गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये गेली की त्या ब्लॉकचा ताबाही तिच्या मागोमाग ड्रायव्हरकडे आला पाहिजे, आणि तो ब्लॉक आधीच दुसऱ्याकडे असेल तर मिळता कामा नये. ओळखीचं वाटतंय? म्युटेक्स, लॉक, डेडलॉक... इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात आपण जे घोकलं ते सगळं. फरक एवढाच, की इथे रेस कंडिशन झाली तर दोन इंजिनं खरोखरच समोरासमोर धडकतात.

हे सोडवायला त्यांनी वापरलं टेलिफोन एक्स्चेंजचं सामान. क्लबाचे सल्लागार प्राध्यापक कॅम्पसच्या टेलिफोन व्यवस्थेचे प्रमुख होते, त्यामुळे रिले, स्टेप स्विच, डायल यांची ददात नव्हती. ड्रायव्हरनं टेलिफोनची डायल फिरवून कुठला ब्लॉक हवा ते सांगायचं, खाली रिले खटाखट पडत जायचे, आणि वीज एका ब्लॉकमधून दुसऱ्यात सरकत असल्याचं चक्क ऐकू यायचं. १९६२ पर्यंत टेबलाखाली सुमारे १२०० रिले झाले होते. त्या सगळ्या गुंत्याला ते नुसतं ‘सिस्टिम’ म्हणत. एखादी गाडी भलतीकडे सुटली की सगळं बंद करायला खोलीत ठिकठिकाणी स्विच बसवलेले होते. त्यातला कुठलाही दाबला की बोर्डावरचं डिजिटल घड्याळ थांबायचं आणि त्या जागी तीन अक्षरं उमटायची: फू. हो, तेच ‘फू’ आणि ‘बार’मधलं फू. शब्द मूळचा त्यांचा नाही, त्याआधी तो कार्टूनमध्ये येऊन गेला होता, पण प्रोग्रॅमरच्या बोलीत तो रुळवण्यात या मंडळींचा मोठा वाटा.

‘हॅक’चंही तसंच. एमआयटीत मोठ्या, डोकेबाज खोड्यांना हॅक म्हणायची पद्धत आधीपासून होती. क्लबानं तो शब्द वायरिंगकडे वळवला. पीटर सॅमसन नावाच्या सदस्यानं १९५९ मध्ये क्लबातल्या बोलीचा एक छोटा कोशच केला. त्यात हॅक म्हणजे काय, तर ज्यातून काहीही विधायक निष्पन्न होणार नाही असं काम! हे वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आज कंपन्या ‘हॅकेथॉन’ भरवतात आणि शेवटी बिझनेस व्हॅल्यूवर मार्क देतात :)

हा सॅमसन क्लबात आला कसा, ते बघण्यासारखं आहे. क्लबाचा नियम असा: लेआउटवर चाळीस तास काम करा, खोलीची किल्ली तुमची. मुलाखत नाही, वशिला नाही, मार्कशीट नाही. सॅमसन १९५८ साली फर्स्ट इयरला होता. नव्या मुलांना क्लबांची ओळख करून देण्याचा कार्यक्रम शुक्रवारी झाला. सोमवारी त्याच्या खिशात किल्ली होती. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ सालच्या ‘हॅकर्स’ या पुस्तकात हे सगळं तपशिलात आहे. पुस्तक जरूर वाचा, फक्त लेव्ही प्रेमात पडून लिहितात हे लक्षात ठेवून.

माझ्या मते त्या क्लबाची खरी करामत तो चाळीस तासांचा नियम होता, बाराशे रिले नव्हेत. वर्गणी घेऊन सदस्य केलेला माणूस पाहुण्यासारखा वागतो. हातानं काम करून किल्ली मिळवलेला रात्री दोन वाजता येऊन बिघडलेला सांधा दुरुस्त करतो, आणि कुणाला सांगतही नाही.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भरभर. त्या काळी एमआयटीत आयबीएमचं ७०४ हे भलंमोठं मशीन होतं, पण त्याला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. कार्डं खिडकीतून द्यायची, ऑपरेटर चालवणार, उत्तर मिळेल तेव्हा घ्यायचं. टेबलाखालच्या मंडळींना हे कसं सोसावं? मग १९५८ मध्ये लिंकन लॅबोरेटरीतून टीएक्स-० नावाचं ट्रान्झिस्टरवर चालणारं मशीन कॅम्पसवर आलं, आणि जॅक डेनिस या क्लबाच्याच माजी सदस्यानं या पोरांना त्याच्यापुढे नेऊन बसवलं. वेळ आधी बुक करावा लागे, म्हणून ही पोरं रात्री-अपरात्री ताटकळत बसत. बुक केलेला माणूस उगवला नाही की लगेच खुर्ची पटकवायची. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला ही कला वेगळी शिकवावी लागत नाही. सॅमसननं त्या मशीनच्या स्पीकरमधून बाखचं संगीत वाजवून दाखवलं. उपयोग? शून्य. म्हणजे व्याख्येप्रमाणे अस्सल हॅक.

१९६१ मध्ये डेक कंपनीनं पीडीपी-१ भेट दिला, आणि १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी त्यावर ‘स्पेसवॉर’ हा गेम लिहिला. मध्ये सूर्य, भोवती दोन यानं, एकमेकांवर गोळ्या. सॅमसननं त्यामागचं आकाश खऱ्या ताऱ्यांच्या नकाशाप्रमाणे करून दिलं. खेळायचं कसं, तर मशीनच्या पुढ्यातले स्विच खालीवर करून. कोपर दुखून यायची. तेव्हा अ‍ॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स उठले, क्लबाच्या खोलीत जाऊन लाकूड, वायर, स्विच असं भंगार गोळा केलं आणि हातात धरायचे कंट्रोल बॉक्स करून आणले. तुमच्या घरातल्या गेम कंट्रोलरचे पणजोबा आगगाडीच्या सामानातून झालेत. कोटोक पुढे पीडीपी-१० चे मुख्य आर्किटेक्ट झाले.

आता थोडं कडू. या क्लबाच्या आठवणी वाचताना सगळं फार गोड वाटतं, पण त्या खोलीत मुली जवळपास नव्हत्याच. लिंकन लॅबोरेटरी होती हवाई संरक्षणाच्या कामासाठी. म्हणजे ‘उपयोग शून्य’ची ही चैन अमेरिकन लष्कराच्या पैशावर चालली होती. आणि एक ‘मध्यरात्र खरेदी समिती’ पण होती. म्हणजे काय ते समजून घ्या. दुसऱ्या लॅबचं कपाट रात्रीतून हलकं व्हायचं. आपल्या कॉलेजात असं कुणी केलं असतं तर टर्मच गेली असती.

१९९८ मध्ये बिल्डिंग २० पाडली. तिच्या जागी २००४ मध्ये फ्रँक गेरींनी डिझाइन केलेलं वाकडंतिकडं स्टाटा सेंटर उभं राहिलं. क्लबाला एन-५२ या दुसऱ्या इमारतीत जागा मिळाली, पण जुना लेआउट उचलून नेता येण्यासारखा नव्हता. पन्नास वर्षांचं काम भिंतींत रुतलेलं. बराचसा मोडावा लागला. नव्या जागेत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि जुने गुण काही गेले नाहीत. कॅम्पसवरच्या ग्रीन बिल्डिंगचं छोटं मॉडेल करून तिच्या खिडक्यांमधल्या दिव्यांवर टेट्रिस खेळायची सोय केली. (२०१२ मध्ये खऱ्या ग्रीन बिल्डिंगवरही टेट्रिस झालं!) तरी लेआउट मोडताना त्या लोकांना काय वाटलं असेल, हा विचार मनातून जात नाही. आपलं जुनं सॉफ्टवेअर डीकमिशन होतं तेव्हा निदान रिपॉझिटरी तरी उरते.

योगायोग असा, की त्याच १९९८ साली इकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम सुरू झालं. पुण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांचा या नादाशी पहिला संबंध तिथेच आला. पण तो क्लब नव्हे, एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलेलं घरचं काम. आपण तिकीट काढून बघायचं, टाळ्या वाजवायच्या. टेबलाखाली जायला मिळत नाही.

खोली गेली की सगळं गेलं, या प्रश्नावर अमेरिकेतल्याच दुसऱ्या लोकांनी फार आधी उत्तर शोधलं होतं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात एन-ट्रॅक नावाची पद्धत निघाली. लेआउट क्लबाचा नकोच. प्रत्येकानं आपापल्या घरी चार फूट बाय दोन फुटांची एक फळी करायची. फळीवर तुम्ही काश्मीर करा नाहीतर कन्याकुमारी. नियम फक्त टोकांना: तीन रूळ ठरलेल्या जागीच आले पाहिजेत, आणि रुळांची उंची जमिनीपासून चाळीस इंच. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा हॉल घ्यायचा, फळ्या जोडायच्या, संध्याकाळी सुटी करून घरी न्यायच्या. थोडक्यात, इंटरफेस ठरवा आणि इम्प्लिमेंटेशनमध्ये नाक खुपसू नका. या नादात ही अक्कल जुनीच आहे म्हणा. अमेरिकेची राष्ट्रीय संघटना, एनएमआरए, १९३५ मध्ये मिलवॉकीला स्थापन झाली तीच मुळी एका कंपनीची चाकं दुसरीच्या रुळावर बसेनात म्हणून.

याच संघटनेनं १९९० च्या दशकात डीसीसी नावाचं स्टँडर्ड काढलं, जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या तंत्रावर आधारलेलं. यात रुळांत वीज कायम असते आणि त्या विजेतूनच डेटाची पॅकेट्स पाठवतात. प्रत्येक इंजिनात एक छोटी चिप आणि तिला पत्ता. आपल्या पत्त्याचं पॅकेट आलं की ऐकायचं, नाहीतर सोडून द्यायचं. आता ताबा हवाय तो इंजिनाचा, ब्लॉकचा नाही. बाराशे रिलेंचं काम नखाएवढ्या चिपमध्ये! टेबलाखालची मंडळी मग कुठे गेली? ती गेली लॅपटॉपवर. आणि इथे गोष्टीचा दुसरा भाग येतो, जो आपल्याकडे कुणी सांगत नाही.

रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे फिजिक्सचे प्राध्यापक. त्यांनी आणि जगभरच्या अशाच हौशी लोकांनी मिळून जेएमआरआय नावाचं जावामधलं सॉफ्टवेअर लिहिलं, या चिप्सच्या सेटिंगसाठी आणि लेआउट चालवण्यासाठी. फुकट, सोर्स खुला, आर्टिस्टिक लायसन्सखाली. मॅथ्यू कॅट्झर नावाच्या गृहस्थांची याच क्षेत्रात कंपनी होती. त्यांचं म्हणणं, जेएमआरआय आमच्या पेटंटचा भंग करतं. म्हणून त्यांनी जेकबसनना दोन लाख डॉलर्सच्या वरची बिलं धाडली. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल! २००६ मध्ये जेकबसनच कोर्टात गेले. त्या भांडणात बाहेर आलं, की कॅट्झरांच्या प्रॉडक्टमध्ये जेएमआरआयच्या फाइल्स वापरल्या होत्या, आणि मूळ लेखकांची नावं आणि कॉपीराइटची सूचना गायब होती.

खालच्या कोर्टानं म्हटलं, हा फार तर कराराचा भंग. ऐकायला साधं, पण याचा अर्थ भयंकर. कराराचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागायची, आणि फुकट दिलेल्या वस्तूचं नुकसान किती? भोपळा. म्हणजे ओपन सोर्सच्या लायसन्समधल्या अटी या नुसत्या विनंत्या ठरल्या असत्या. ऑगस्ट २००८ मध्ये अपील कोर्टानं हे उलटवलं. लायसन्समधल्या अटी पाळल्या नाहीत तर परवानगीच नाही, आणि परवानगीशिवाय कॉपी म्हणजे कॉपीराइटचा भंग. पैसे घेतले नाहीत म्हणून हक्क सोडला असं होत नाही, हेही कोर्टानं मान्य केलं. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कॅट्झरांनी एक लाख डॉलर्स द्यायचं कबूल केलं. आज तुमच्या कंपनीचं लीगल डिपार्टमेंट ओपन सोर्स लायब्ररीचं लायसन्स तपासल्याशिवाय रिलीज सोडत नाही, त्यामागे हाही निकाल आहे. त्यात लाखो सर्व्हर नव्हते, लिनक्स नव्हतं. खेळण्यातल्या इंजिनाच्या सेटिंगच्या फाइल्स होत्या.

असो. आता हे सगळं मी का वाचत बसलो होतो ते सांगतो. आम्ही तिघं पुण्यात असा क्लब काढायच्या विचारात आहोत. खोली परवडणार नाही, त्यामुळे फळ्यांची पद्धत, इथपर्यंत एकमत. चाळीस तासांचा नियम मात्र उचलायचा, हेही ठरलं, फक्त किल्लीच्या जागी काय द्यायचं ते सुचत नाही. घोडं अडलंय भलत्याच ठिकाणी. एचओचा रूळ असतो १६.५ मिलिमीटर रुंद, कारण युरोप-अमेरिकेतला खरा रूळ १४३५ मिलिमीटरचा, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग तेवढा येतो. आपला ब्रॉडगेज आहे १६७६. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग येतो सुमारे १९.३. म्हणजे बाजारातल्या रुळावर आपली डेक्कन क्वीन चालवली तर ती अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसणार. १९.३ चे रूळ करायचे तर सांध्यांसकट सगळं हातानं, आणि मग जगातली कुठलीच तयार गाडी त्यावर चालणार नाही. इंग्लंडमध्ये याच भांडणापायी वेगळ्या सोसायट्या झाल्या. तिथला नेहमीचा ओओचा रूळ १६.५, आणि हिशेबानं हवा १८.८३. सव्वादोन मिलिमीटरसाठी माणसं वेगळी झाली!

आमच्यात दोघं १६.५ वाले, एक १९.३ वाला. मी १६.५ च्या बाजूचा, कारण स्टँडर्ड मोडून एकदा काम सुरू केलं की पुढे काय होतं ते ऑफिसात रोज बघतो. पण तो तिसरा म्हणतो, "मग त्याला भारतीय रेल्वे कशाला म्हणायचं?" याचं उत्तर अजून आमच्याकडे नाही. तोवर दोन फळ्या सुताराकडे टाकल्यात, चार बाय दोनच्या. रूळ कुठलाही बसला तरी फळी तीच लागणार.